स्कॉटलंडने कोणते दार ठोठावायचे?

मे २०१५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत स्कॉटलंडमधल्या ५९ जागांपैकी ५६ जागा स्कॉटिश नॅशनल पार्टीने, म्हणजे एसएनपीने, जिंकल्या. जुलै २०२४ मध्ये एकूण जागा ५७ होत्या आणि त्यांतल्या ९ या पक्षाच्या वाट्याला आल्या. एवढी मोठी घसरण पाहिली की निष्कर्ष काढायचा मोह कुणालाही व्हावा, आणि तो काढलाही गेला: स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा विषय आता बासनात गेला. मला हा निष्कर्ष चुकीचा आणि घातकही वाटतो. पक्ष हरला म्हणजे त्याने मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे एकदा धरून चालले की मूळ प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही.

आधी जागांचा हिशेब पाहू. २०१५ मध्ये एसएनपीला स्कॉटलंडमधली निम्मी मते मिळाली होती आणि जागा मिळाल्या शंभरातल्या ९५. २०२४ मध्ये मते ३० टक्के होती, जागा शंभरातल्या १६ सुद्धा नाहीत. ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला, ही आपल्याकडचीही पद्धत. ती चढ फुगवून दाखवते आणि उतारही फुगवून दाखवते. आता दुसरा आकडा. २०१४ च्या सार्वमतात ४४.७ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिले. त्यानंतरच्या दहा वर्षांतल्या जनमत चाचण्या पाहिल्या तर स्वातंत्र्याचा पाठिंबा बहुतेक वेळा ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला आहे. २०२० च्या उत्तरार्धात तर काही महिने तो पन्नाशीच्या वर होता. पक्षाची मते पन्नास टक्क्यांवरून तीसवर आली तरी कल्पनेचा पाठिंबा जवळपास जागच्या जागी राहिला. २०२४ मध्ये स्वातंत्र्य हवे असलेल्या कितीतरी लोकांनी मजूर पक्षाला मत दिले, कारण त्या दिवशी त्यांना १४ वर्षांचे हुजूर पक्षाचे सरकार घालवायचे होते. मतदाराला एका वेळी दोन गोष्टी हव्या असू शकतात, आणि त्यांतली कोणती आधी हे तो स्वतः ठरवतो.

स्कॉटलंडविषयी मराठीत लिहिताना एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करावा लागतो. ‘इंग्रजांपासून स्वातंत्र्य’ हे शब्द कानावर पडले की आपल्या मनात आपोआप आपला स्वातंत्र्यलढा उभा राहतो आणि स्कॉट माणूस आपल्याला आपल्यासारखाच, साम्राज्याखाली भरडलेला वाटू लागतो. इतिहास तसा नाही. पुण्याच्या दरबारातला रेसिडेंट आणि पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉट होता. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती स्वीकारणारा जॉन माल्कम स्कॉट होता; महाबळेश्वरच्या माल्कम पेठेला त्याचेच नाव. साताऱ्यात छत्रपतींच्या दरबारी बसून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करणारा आणि १८२६ मध्ये तो इतिहास छापणारा ग्रँट डफ हाही स्कॉटच. मराठी सत्तेच्या शेवटच्या अंकात स्कॉटलंडची तीन माणसे इतक्या मोक्याच्या जागी होती. ग्लासगोची जहाजे आणि डंडीच्या ताग गिरण्या साम्राज्यावर जगल्या. स्कॉटलंड ही वसाहत नव्हती. साम्राज्याच्या धंद्यातला तो भागीदार होता.

इंग्लंड आणि स्कॉटलंडचे १७०७ चे एकीकरणही तलवारीच्या जोरावर झालेले नाही. पनामाच्या संयोगभूमीवर, डॅरिएनला, वसाहत काढण्याच्या योजनेत स्कॉटलंडचा फार मोठा पैसा बुडाला होता. इंग्लंडच्या बाजारपेठांची गरज होती, आणि एडिंबरातल्या सरदारांच्या संसदेने स्वतःच्या विसर्जनाला संमती दिली. सामान्य माणसाला कुणी विचारले नाही. त्या काळात कुठेच विचारत नसत. पण स्कॉटलंडने आपला कायदा, आपले चर्च आणि आपली शिक्षणव्यवस्था राखून ठेवली. घराचे दोन भाग एक झाले, तरी एका भागाची चूल वेगळी राहिली. पुढच्या तीनशे वर्षांचे राजकारण कळायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

मग तक्रार काय आहे? माझ्या मते ती लोकशाहीतल्या वजनाची आहे. स्कॉटलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख, इंग्लंडची साडेपाच कोटींच्या वर. इंग्लंडने ठरवले की सरकार ठरते. १९७९ ते १९९७ अशी सलग अठरा वर्षे हुजूर पक्ष लंडनमध्ये सत्तेवर होता, आणि त्या काळात स्कॉटलंडमधल्या त्याच्या जागा २२ वरून शून्यावर आल्या. पोल टॅक्स नावाचा माणशी कर मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने स्कॉटलंडमध्ये १९८९ साली आणला, इंग्लंडच्या एक वर्ष आधी. पोलादाचे कारखाने, खाणी, गोद्या याच काळात बंद पडत गेल्या. ज्या सरकारला आपण निवडून दिलेले नाही ते आपले आयुष्य उलटेपालटे करते, ही भावना या वर्षांत घट्ट झाली. तिला राष्ट्रवाद म्हणा किंवा आणखी काही. तिचा उगम बॅगपाइप आणि किल्टमध्ये नाही, मतपेटीत आहे.

१९७९ च्या मार्चमधली एक गोष्ट इथे सांगायला हवी. स्कॉटलंडला मर्यादित अधिकारांची विधानसभा द्यावी का, यावर सार्वमत झाले. ५१.६ टक्के लोकांनी होकार दिला. पण संसदेने आधीच अट घालून ठेवली होती की होकार देणारे हे एकूण नोंदलेल्या मतदारांच्या ४० टक्के तरी हवेत. ते ३३ टक्क्यांच्या आत भरले. म्हणजे मत द्यायला न आलेला, गाव सोडून गेलेला, असे सगळे नकारात धरले गेले. बहुमत जिंकून हरण्याचा हा अनुभव स्कॉटलंड विसरलेला नाही. पुढे अविश्वासाच्या ठरावात एसएनपीच्या ११ खासदारांनी मजूर सरकारच्या विरोधात मत दिले, सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले, थॅचर आल्या, आणि एसएनपीचे स्वतःचे ११ चे २ झाले. अठरा वर्षांनी, सप्टेंबर १९९७ मध्ये, पुन्हा विचारले तेव्हा ७४.३ टक्क्यांनी होकार दिला आणि १९९९ मध्ये एडिंबरात पुन्हा संसद भरली. मजूर पक्षाचे जॉर्ज रॉबर्टसन यांनी भाकीत केले होते की एवढे अधिकार दिले की राष्ट्रवाद कायमचा थंड पडेल. २००७ मध्ये एसएनपी एका जागेच्या आघाडीने सत्तेवर आली आणि २०११ मध्ये १२९ पैकी ६९ जागा घेऊन स्पष्ट बहुमतात आली. ती निवडणूक पद्धत मुद्दाम अशी बेतलेली होती की एका पक्षाला बहुमत मिळणे कठीण जावे, तरीही.

त्यातून आला २०१२ चा एडिंबरा करार. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आणि स्कॉटलंड सरकारचे प्रमुख, म्हणजे फर्स्ट मिनिस्टर, अॅलेक्स सॅमंड यांनी त्यावर सह्या केल्या आणि १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यातल्या कलम ३० खाली लंडनने सार्वमताचा अधिकार तात्पुरता एडिंबराकडे दिला. कॅमेरन यांच्या कारकिर्दीविषयी माझे मत फारसे चांगले नाही, पण हे एक काम त्यांनी थोर मनाने केले असे मला वाटते. जगात आणखी कुठे एखाद्या मोठ्या राज्याने आपला तिसरा हिस्सा भूभाग जाऊ शकेल असा प्रश्न इतक्या शांतपणे लोकांपुढे ठेवला आहे?

१८ सप्टेंबर २०१४ चे सार्वमत हे आधुनिक युरोपातल्या लोकशाहीच्या सर्वांत देखण्या दिवसांपैकी एक होते, असे मी मानतो. ८४.६ टक्के मतदान झाले. १६ आणि १७ वर्षांच्या मुलामुलींना मत देता आले. चर्चच्या सभागृहांत, पबमध्ये, शाळांच्या वर्गांत महिनोन्महिने वाद चालले: चलन कोणते राहील, निवृत्तिवेतन कोण देईल, क्लाइड नदीच्या मुखापाशी फॅसलेनला असलेल्या अण्वस्त्रधारी पाणबुड्या कुठे जातील. रोजच्या काळजीचे, कंटाळवाणे, घरखर्चाच्या वहीतले प्रश्न, आणि लोक ते रस घेऊन विचारत होते. शिवाय मतदार कोण, याचे उत्तर आपल्याला विचार करायला लावणारे आहे. जो स्कॉटलंडमध्ये राहतो तो मतदार. जन्म, आडनाव, मातृभाषा यांपैकी काहीही विचारले गेले नाही. युरोपीय संघाचे नागरिक मत देऊ शकत होते आणि कायदेशीर वास्तव्य असलेले राष्ट्रकुलाचे नागरिकही. म्हणजे पुण्याहून ग्लासगोला शिकायला गेलेल्या मराठी मुलीला स्कॉटलंडचे भवितव्य ठरवायचा हक्क होता आणि ग्लासगोत जन्मून लंडनला स्थायिक झालेल्या स्कॉट माणसाला तो नव्हता. पुढे २०२० च्या कायद्याने कायदेशीरपणे राहणाऱ्या सर्वच परदेशी नागरिकांना स्कॉटिश निवडणुकांत मत मिळाले. २०२३ मध्ये हमझा युसुफ हे पाकिस्तानी वंशाचे मुस्लिम गृहस्थ याच राष्ट्रवादी पक्षाचे नेते आणि देशाचे फर्स्ट मिनिस्टर झाले.

भूमिपुत्र कोण, उपरा कोण, पाटी कोणत्या भाषेत, यावर आपल्याकडचे प्रादेशिक राजकारण फिरत आले आहे. भाषा हा आपल्या राज्याचा पायाच आहे. संयुक्त महाराष्ट्राचा लढा भाषेसाठी होता आणि तो न्याय्य होता. स्कॉटलंडचा राष्ट्रवाद भाषेवर उभा राहूच शकत नव्हता: २०११ च्या जनगणनेत तिथली जुनी भाषा गेलिक बोलणारे सुमारे ५७ हजार, लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का. तेव्हा त्यांनी वास्तव्याला पाया केले. याचा अर्थ तिथे वंशद्वेष नाही असा नाही. इंग्रज माणसाविषयी कडवट बोलणारे लोक त्या चळवळीत होते आणि आहेत. पण मतदारयादीने त्यांचे ऐकले नाही.

निकाल ५५.३ विरुद्ध ४४.७. ग्लासगो आणि डंडीसह चारच विभागांत स्वातंत्र्याला बहुमत मिळाले. म्हणजे जुन्या कामगार वस्त्यांनी, एकेकाळच्या मजूर पक्षाच्या बालेकिल्ल्यांनी होकार दिला आणि सुखवस्तू व वयस्कर स्कॉटलंडने नकार. मतदानाच्या दोन दिवस आधी तिन्ही मोठ्या ब्रिटिश पक्षांच्या नेत्यांनी एका वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जादा अधिकारांचे लेखी वचन दिले होते. सॅमंड यांनी राजीनामा दिला. प्रश्न मिटला असे त्या सकाळी वाटायला हरकत नव्हती. पण सार्वमतापूर्वी ज्या पक्षाचे सदस्य सुमारे २५ हजार होते, त्याचे पुढच्या सहा महिन्यांत १ लाखाच्या वर झाले आणि मग आल्या त्या ५६ जागा.

हरलेल्या बाजूचा पक्ष लगेचची निवडणूक जिंकतो हे लंडनच्या भाष्यकारांना कोडे वाटले. गोव्याच्या माणसाला ते वाटू नये. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण हाच ज्या पक्षाचा जन्महेतू, तो महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष हरला. आणि मार्च १९६७ मध्ये, जेमतेम अडीच महिन्यांनी, त्याच पक्षाला गोव्याने पुन्हा सत्तेवर बसवले. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि मगोची सत्ता १९७९ पर्यंत टिकली. गोव्यातल्या बहुजन समाजाला बांदोडकरांच्या शाळा, कुळांचे हक्क, मान हवा होता. पण त्यांच्यातल्या पुष्कळांना गोवा वेगळाही हवा होता. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरे. स्कॉटलंडच्या मतदाराने २०१५ मध्ये हेच केले आणि २०२४ मध्ये उलट दिशेने हेच केले.

मात्र तुलना इथपर्यंतच नेता येते. गोव्याचा प्रश्न नंतर खरोखर मिटला, कारण जिंकलेल्या बाजूला जे हवे होते ते हळूहळू तिच्या पदरात पडत गेले. १९८७ च्या फेब्रुवारीत कोकणी राजभाषा झाली, मे महिन्यात गोवा घटकराज्य झाले. स्कॉटलंडमध्ये जिंकलेल्या बाजूच्या पायाखालची जमीनच दोन वर्षांत सरकली. २०१४ मध्ये ‘नाही’ म्हणा असे सांगणाऱ्यांचा एक ठळक मुद्दा होता की युरोपीय संघात राहायचे असेल तर ब्रिटनमध्ये राहा. जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात स्कॉटलंडच्या ६२ टक्के लोकांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिले. ३२ च्या ३२ विभागांत हेच बहुमत होते. तरीही स्कॉटलंड बाहेर पडला, कारण इंग्लंड बाहेर पडले. २०१४ चे सार्वमत पिढीतून एकदाच येणारी संधी आहे, असे एसएनपीनेच म्हटले होते, याची आठवण तिला वारंवार करून दिली जाते. प्रचारातला शब्द म्हणून त्याला थोडे वजन आहे, हे मी मान्य करतो. पण ज्या घराकडे पाहून लोकांनी होकार-नकार ठरवला, त्या घराची एक भिंतच पाडल्यावर जुना शब्द बंधनकारक कसा राहील?

एसएनपीने पुन्हा सार्वमत मागितले. टेरेसा मे यांनी २०१७ मध्ये आता ती वेळ नाही असे सांगितले, बोरिस जॉन्सन यांनी २०२० मध्ये सरळ नकार कळवला. २०२१ मध्ये स्वातंत्र्यवादी पक्षांना, एसएनपी आणि ग्रीन मिळून, १२९ पैकी ७२ जागा मिळाल्या. सार्वमताचे आश्वासन दोघांच्याही जाहीरनाम्यात होते. पुन्हा नकारच. अखेर प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की असे सार्वमत घेण्याचा कायदा करण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला नाही. कायद्याच्या भाषेत निकाल बरोबरच आहे. १९९८ च्या कायद्याने ‘एकीकरण’ हा विषय लंडनकडे राखून ठेवला आहे.

या निकालाने जे उघडे पडले ते मला सगळ्या वादाचे मर्म वाटते. ब्रिटनचे कित्येक पंतप्रधान सांगत आले आहेत की हा संघ राजीखुशीचा आहे, स्कॉटलंड नको म्हणाला तर त्याला कोणी धरून ठेवणार नाही. ठीक. मग नको म्हणायचे कसे? निवडणूक जिंकून चालत नाही. संसदेत ठराव करून चालत नाही. न्यायालयात जाऊन चालत नाही. लंडनच्या पंतप्रधानाच्या मनात आले तरच विचारले जाईल, आणि त्याच्या मनात केव्हा यावे याचा कुठेही नियम नाही. घरातून बाहेर जायला दार आहे असे सांगायचे आणि ते कोणत्या भिंतीत आहे ते सांगायचे नाही, याला राजीखुशी म्हणता येत नाही.

असा नियम लिहिणे ब्रिटनला जमत नाही, असे मुळीच नाही. उत्तर आयर्लंडसाठी १९९८ च्या करारात तो लिहिलेला आहे: आयर्लंडशी एक होण्याच्या बाजूने बहुमत होईल असे दिसले तर ब्रिटिश मंत्र्याने तिथे कौल घेतलाच पाहिजे, आणि एका कौलानंतर सात वर्षे दुसरा घेता येणार नाही. ‘असे दिसले तर’ हे शब्द सैल आहेत, पण निदान शब्द आहेत. कॅनडात क्वेबेकच्या १९९५ च्या सार्वमतात वेगळे होण्याची बाजू ४९.४२ टक्क्यांवर येऊन हरली. त्यानंतर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की क्वेबेकला एकतर्फी फुटण्याचा हक्क नाही, पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाला तर बाकीच्या कॅनडावर वाटाघाटी करण्याचे बंधन येते. दोन्ही बाजूंना कर्तव्ये. उत्तर आयर्लंडला लिखित दार मिळाले ते हजारो माणसे मेल्यानंतर. स्कॉटलंडमध्ये या प्रश्नावर असा रक्तपात झालेला नाही. पन्नास वर्षे माणसे सभा, निवडणुका आणि अर्ज यांच्या वाटेने चालली, आणि त्या सभ्यपणाचे फळ म्हणून त्यांना अस्पष्टता मिळावी, यासारखा वाईट धडा दुसरा नाही.

माझे म्हणणे असे की नियम लिहावा. पहिल्या सार्वमतानंतर पंधरा वर्षांचे अंतर असावे. सार्वमताचे आश्वासन देऊन निवडून आलेले बहुमत हॉलीरूडमध्ये, म्हणजे एडिंबरातल्या संसदेत, असावे. साधे बहुमत पुरे मानावे. ४० टक्क्यांसारखी चोरवाट पुन्हा नको. आणि सार्वमत दोनदा व्हावे: एकदा तत्त्वावर, आणि वाटाघाटी होऊन कर्ज, चलन, सीमा, निवृत्तिवेतन यांच्या अटी कागदावर आल्यावर पुन्हा एकदा त्या अटींवर. ही दुसरी अट स्वातंत्र्यवाद्यांना आवडत नाही, त्यांना तो अडथळा वाटतो. पण ब्रेक्झिटचे सगळे दुखणे तिथेच होते. लोकांनी ‘बाहेर’ म्हटले आणि कोणते बाहेर हे ठरवायला नेत्यांना साडेतीन वर्षे भांडावे लागले. ज्यांना ब्रेक्झिटचा राग आहे त्यांनी तीच चूक आपल्या कामासाठी वापरू नये.

आणि आता एसएनपीविषयी, कारण ५६ चे ९ होण्यात तिचा स्वतःचा वाटा मोठा आहे. २०२२ मध्ये पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या आणि फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी पुढची सार्वत्रिक निवडणूक हीच सार्वमत समजायची असे जाहीर केले. जो मतदार दवाखान्याची रांग, भाडे, वीजबिल यांवर मत देऊ पाहतो त्याचे मत आपल्या खात्यावर परस्पर जमा करण्याचा हा प्रकार होता. शिवाय २००७ पासून अखंड सत्तेत असलेल्या पक्षाला लंडनकडे बोट दाखवून किती काळ भागणार? २०२० मध्ये अमली पदार्थांनी स्कॉटलंडमध्ये १,३३९ माणसे मेली; युरोपात इतके वाईट प्रमाण कुठेच नव्हते. बेटांवरच्या लोकांसाठी दोन फेरीबोटी २०१५ मध्ये ९ कोटी ७० लाख पौंडांत बांधायला दिल्या, २०१८ पर्यंत मिळायच्या होत्या. त्यांतली पहिली, ग्लेन सॅनॉक्स, २०१७ मध्ये खिडक्यांच्या जागी रंगवलेल्या खिडक्या घेऊन समारंभाने पाण्यात उतरली आणि प्रवासी घेऊन निघाली ती २०२५ च्या जानेवारीत. खर्च कित्येक पटींनी वाढला. अॅरनसारख्या बेटावर औषधासाठी, बाजारासाठी, शाळेच्या सहलीसाठी बोटीची वाट पाहणाऱ्या माणसाला या खिडक्या आठवत असणार. त्यात सॅमंड आणि स्टर्जन यांचे वैर, २०२१ मध्ये सॅमंड यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला वेगळा पक्ष, पक्षाच्या पैशांची पोलीस चौकशी, सदस्यसंख्या ७२ हजारांवर आल्याचे २०२३ मध्ये आधी लपवून मग कबूल करणे. तेरा-चौदा महिन्यांत तीन फर्स्ट मिनिस्टर झाले. मतदारांनी या सगळ्याची शिक्षा दिली आणि ती योग्य होती.

हॅमिल्टन हे गाव या पक्षाच्या इतिहासात मोलाचे. १९६७ च्या पोटनिवडणुकीत तिथे विनी युइंग यांनी मजूर पक्षाचा गड जिंकला आणि एसएनपी हा थट्टेचा विषय राहिला नाही. जून २०२५ मध्ये त्याच भागात स्कॉटिश संसदेची पोटनिवडणूक झाली. एसएनपीकडची ही जागा मजूर पक्षाने जिंकली, आणि नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने २६ टक्के मते घेतली. मला त्या २६ टक्क्यांची चिंता वाटते. लंडनवरचा राग आता स्वातंत्र्याच्या एकाच पाटातून वाहत नाही. स्थलांतरितांवर रोख धरणारा दुसरा पाट फुटला आहे, आणि पहिला पाट अडवून ठेवला तर पाणी कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

पैशाचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण त्याचे खरे उत्तर मला आवडत नाही. स्कॉटलंड सरकारच्या स्वतःच्या हिशेबानुसार २०२३-२४ मध्ये महसूल आणि खर्च यांतली तूट २२.७ अब्ज पौंड, म्हणजे सकल उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त होती. संपूर्ण ब्रिटनची साडेचार टक्के. लंडनकडून निधी वाटण्याच्या बार्नेट सूत्रामुळे त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये सरकारी खर्च माणशी ब्रिटनच्या सरासरीपेक्षा सुमारे २,४०० पौंड जास्त झाला. स्वातंत्र्याविषयीच्या स्कॉटलंड सरकारच्या २०१३ च्या श्वेतपत्रिकेत तेल ११० डॉलर पिंपाच्या आसपास धरले होते. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्या खाली गेले. स्कॉटलंडची सर्वांत मोठी बाजारपेठ उरलेले ब्रिटनच आहे. स्वतंत्र होऊन युरोपीय संघात गेले तर इंग्लंडच्या सीमेवर जकातनाके उभे राहतील. ब्रेक्झिटने स्वातंत्र्याला कारण दिले आणि त्याच वेळी वाट दुप्पट अवघड केली. पौंड वापरत राहू म्हणणे सोपे. चेक आणि स्लोव्हाक जानेवारी १९९३ मध्ये वेगळे झाले तेव्हा चलन एकच ठेवायचे ठरले होते, ते सहा आठवडेही टिकले नाही. आयर्लंडने आपला पौंड १९७९ पर्यंत ब्रिटिश पौंडाला बांधून ठेवला आणि स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके त्याची तरुण माणसे बोटीत बसून परदेशी जात राहिली.

स्वतंत्र स्कॉटलंड पहिली दहा-पंधरा वर्षे आजच्यापेक्षा गरीब असेल, असे माझे मत आहे. पारतंत्र्यातल्या माणसाला स्वातंत्र्याचा खर्च विचारणे हा त्याचा अपमान. आपण तो कुणाला विचारू दिला नाही. पण स्कॉटलंड पारतंत्र्यात नाही, म्हणून तिथे खर्च विचारणे रास्त आहे आणि सांगणे हे चळवळीचे कर्तव्य आहे. आम्ही काही वर्षे ओढग्रस्तीत काढू, पण आमचे निर्णय आमचे असतील, असे सांगायची छाती तिच्या नेत्यांनी अजून दाखवलेली नाही. ज्या दिवशी ते सांगतील त्या दिवशी कदाचित पाच टक्के माणसे सोडून जातील. उरतील त्यांच्या शब्दावर मात्र विसंबता येईल.

२०१२ च्या एडिंबरा कराराचे तीस परिच्छेद आहेत. विसावा काय सांगतो हे कुणाच्या लक्षात नाही, तिसावा मात्र मला पुन्हा वाचावासा वाटतो. निकाल काहीही लागो, दोन्ही सरकारे तो मान्य करून स्कॉटलंडच्या आणि उरलेल्या ब्रिटनच्या लोकांच्या हितासाठी एकत्र काम करतील, असे त्यात लिहिले आहे. त्याखाली लंडनचीही सही आहे.